पीसीआर: डीएनएच्या प्रती काढणे आणि त्या मोजणे

मुग्धा_फोंडा

नमस्कार मंडळी,

परवा खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतल्या) कोळंबीच्या धाग्यावर बरीच वादावादी झाली. एकाच टाकीतल्या बियाण्याचे, म्हणजे तळ्यात सोडायच्या पिल्लांचे, दोन लॅबचे दोन अहवाल आले. एकात 'निगेटिव्ह', दुसऱ्यात 'व्हाइट स्पॉट पॉझिटिव्ह, सीटी 36'. (व्हाइट स्पॉट हा कोळंबीचा विषाणूजन्य रोग. सीटी म्हणजे काय ते पुढे येईल.) मग 'पीसीआर म्हणजे लूट', 'मशीन बिघडलेले असणार' इथपर्यंत मजल गेली. मी गोव्यातल्याच एका लॅबमध्ये हे काम रोज करते, नव्या मुलांना शिकवते. तिथे दोन ओळींत उत्तर देणे बरोबर वाटले नाही, म्हणून वेगळा धागा काढला. ते दोन्ही अहवाल एकाच वेळी खरे असू शकतात. कसे, ते समजायला प्रती काढणे आणि प्रती मोजणे ही दोन कामे वेगळी धरावी लागतात.

आधी प्रती. डीएनएचे दोन धागे एकमेकांना पूरक असतात. ए समोर टी, जी समोर सी. नळी 95 अंशांपर्यंत तापवली की धागे सुटे होतात. मग तापमान 55 ते 60 च्या आसपास उतरवायचे. नळीत आपण आधीच घातलेले प्रायमर, म्हणजे साधारण 18 ते 25 अक्षरांचे डीएनएचे छोटे तुकडे, आपापली जागा शोधून चिकटतात. एक या धाग्यावर, दुसरा त्या धाग्यावर, दोघांची तोंडे एकमेकांकडे. मग 72 अंश. पॉलिमरेज नावाचे एन्झाइम प्रायमरपासून पुढे अक्षरे जोडत जाते. झाले एक चक्र. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. सगळे सुरळीत चालले तर 30 चक्रांनंतर एका रेणूच्या 107 कोटींहून जास्त प्रती होतात, आणि या सगळ्याला तास-दीड तास पुरतो.

ही कल्पना 1983 मध्ये कॅरी मलिस यांना सुचली. तेव्हा ते कॅलिफोर्नियातल्या सीटस कंपनीत होते. 1985 मध्ये सिकल सेल ॲनिमियाच्या निदानासाठी ती वापरल्याचा पहिला शोधनिबंध आला आणि 1993 मध्ये मलिसना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण सुरुवातीला वापरात असलेले एन्झाइम 95 अंशांना मरून जाई. दर चक्राला नळी उघडायची आणि नवे एन्झाइम घालायचे. हे संपले ते टॅक पॉलिमरेजमुळे. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत थॉमस ब्रॉक यांना 1960 च्या दशकात थर्मस ॲक्वाटिकस हा जिवाणू सापडला होता. 'एवढ्या उष्णतेत कोण जगते' या निव्वळ कुतूहलापोटी केलेले ते काम. त्या जिवाणूचे एन्झाइम 95 अंशांनाही टिकते. एकदा घातले की 30-40 चक्रे नळी उघडायला नको. आज जगभर हे काम यंत्रावर सोडून देता येते ते त्यामुळे.

आता मोजणे. जुन्या पद्धतीत चक्रे संपल्यावर नळीतला माल जेलवर (विजेने तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या पातळ थरावर) चालवायचा आणि पट्टी दिसते का ते बघायचे. पट्टी आहे किंवा नाही, एवढे कळते. पट्टी जाड म्हणजे मूळ डीएनए जास्त, असा अर्थ काढू नका, माझ्या मुलांना मी हे परत परत सांगते. शेवटी शेवटी प्रायमर, अक्षरे, एन्झाइमची ताकद सगळे आटत येते आणि वाढ थांबते. सुरुवातीला 100 रेणू असोत वा 1 लाख, 40 चक्रांनंतर दोन्ही नळ्या जवळजवळ सारख्याच भरलेल्या असतात.

म्हणून रिअल-टाइम पीसीआर. त्यात प्रत्येक चक्राला नळीतला प्रकाश मोजला जातो. एक तर दुहेरी डीएनएला चिकटून चमकणारा सायबर ग्रीनसारखा रंग असतो, नाहीतर फक्त आपल्याच तुकड्यावर बसणारा आणि प्रत बनताना तुटून चमकणारा प्रोब. प्रकाश ठरलेल्या रेषेच्या वर ज्या चक्राला जातो, तो आकडा म्हणजे सीटी. मूळ डीएनए जास्त तर सीटी लहान, कमी तर मोठा. दर चक्राला बरोबर दुप्पट होत असेल तर 3.32 चक्रांचा फरक म्हणजे दहापट फरक. सीटी 24 आणि सीटी 34 असलेल्या दोन सँपलमध्ये हजारपटीचे अंतर असते.

पण सीटी म्हणजे संख्या नव्हे. ज्ञात संख्येचे स्टँडर्ड त्याच रनमध्ये, म्हणजे यंत्राच्या त्याच फेरीत, लावले नसेल, तर '36' या आकड्यावरून नळीत किती रेणू होते हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. किट बदलले, रेषा वर-खाली केली, तरी तोच माल 34 दाखवेल किंवा 37. अहवालावर नुसता सीटी लिहून देण्याची पद्धत मला म्हणूनच खटकते.

विचारा काय विचारायचे ते. दुपारी रन लागले की उत्तरे देते.

---

मास्तर_कुंडई

मुग्धाताई, उत्तम लिहिले आहे. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे एक भर घालतो.

मलिस यांच्या बारा वर्षे आधी, 1971 मध्ये, हरगोविंद खुराना यांच्या प्रयोगशाळेतून शेल क्लेप्पे आणि सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला होता. दोन प्रायमर वापरून डीएनएचा तुकडा पुन्हा पुन्हा उतरवता येईल, ही कल्पना त्यात मांडलेली आहे. खुरानांना नोबेल मिळून तेव्हा तीन वर्षे झाली होती. पण हवे तसे प्रायमर बनवणे त्या काळी महिनोन्‌महिन्यांचे काम होते, उष्णता सोसणारे एन्झाइम हाताशी नव्हते, आणि कोणत्या जनुकाची अक्षरे माहीत आहेत म्हणून प्रायमर बनवणार? कल्पना काळाच्या पुढे होती. मलिस यांचे श्रेय कमी होत नाही, पण आपल्या मुलांना ही बाजूही कळायला हवी. पाठ्यपुस्तकात खुराना येतात ते जनुकीय संकेतापुरते.

---

प्राची_डिचोली

ताई, माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे. प्लास्मिडचे (जिवाणूतल्या छोट्या गोल डीएनएचे) स्टँडर्ड लावले, दहा-दहापट पातळ करत सहा नळ्या. प्रमाण आणि सीटी यांच्या रेषेचा स्लोप, म्हणजे उतार, आला उणे 3.6. सर म्हणाले चालेल. मैत्रिणीचा उणे 2.9 आला, तिला वाटते तिचा माझ्यापेक्षा चांगला, कारण एफिशियन्सी 100 च्या वर दाखवतो. खरे काय? आणि प्लास्मिडचे रेणू किती हे कसे काढायचे? मी नॅनोग्रॅमच लिहीत आलेय.

---

मुग्धा_फोंडा

प्राची, प्रश्न छान आहेत, सविस्तर लिहिते.

स्लोप उणे 3.32 असेल तर दर चक्राला नेमके दुप्पट. तुझ्या 3.6 चा हिशेब केला तर दर चक्राला 1.9 पट होते, म्हणजे एफिशियन्सी साधारण 90 टक्के. 90 ते 110 पर्यंत सर्वसाधारणपणे मान्य असते, म्हणजे तू काठावर आहेस. सर चालेल म्हणाले ते बरोबरच, फक्त पुढचा हिशेब 1.9 ने कर. 2 धरून केलास तर काय होते बघ: 30 चक्रांनंतर 1.9 ची वाढ ही 2 च्या वाढीच्या जेमतेम पाचवा हिस्सा भरते. दर चक्रातला एवढासा फरक शेवटी जवळपास पाचपटीची चूक होऊन बसतो. दोन जनुकांची तुलना करताना एकाचा स्लोप 3.3 आणि दुसऱ्याचा 3.6 असेल आणि कोणी डोळे मिटून डेल्टा-डेल्टा-सीटी (नुसत्या सीटींच्या फरकांवरून तुलना करायची पद्धत) लावले, तर आलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. ती पद्धत दोन्ही एफिशियन्सी जवळजवळ सारख्या आणि 100 टक्क्यांच्या आसपास असतील असे गृहीत धरते.

मैत्रिणीचा 2.9 म्हणजे 121 टक्के. एकाचे दोनापेक्षा जास्त होणे शक्यच नाही. बहुतेक वेळा याचा अर्थ असा की सर्वांत दाट नळ्यांत पीसीआरला अडथळा आणणारे काहीतरी आहे. त्यांचा सीटी यायला हवा त्यापेक्षा उशिरा येतो, पातळ नळ्यांत तो अडथळाही पातळ होतो, आणि रेषा आडवी व्हायला लागते. पातळ करताना पिपेटिंगमध्ये गडबड झाली तरी असे होते. तिला सांग, पहिल्या एक-दोन दाट नळ्या बाजूला ठेवून रेषा पुन्हा काढून बघ. स्लोप जाग्यावर आला तर अडथळाच होता.

रेणूंची संख्या: एका बेसपेअरचे (समोरासमोरच्या अक्षरांच्या जोडीचे) वजन सरासरी 650 डाल्टन धर. प्लास्मिड, आत घातलेल्या तुकड्यासकट, 3,000 बेसपेअरचे असेल तर 1 नॅनोग्रॅममध्ये सुमारे 31 कोटी रेणू. नॅनोग्रॅमला ॲव्होगाड्रोने गुणायचे, लांबी गुणिले 650 ने भागायचे, बाकी शून्ये सांभाळ. माणसाच्या डीएनएचे गणित याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे: जीनोमची एक प्रत सुमारे 3.3 पिकोग्रॅम, म्हणजे 1 नॅनोग्रॅममध्ये जेमतेम 300 प्रती. 'एक नॅनोग्रॅम टेम्प्लेट घातले' हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. कशाचे ते सांगायला हवे.

आणि स्टँडर्ड दर वेळी ताजे पातळ कर. अगदी पातळ डीएनए नळीच्या प्लास्टिकला चिकटून राहतो. आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवलेली शेवटची नळी तुला 10 म्हणून 3 दाखवेल.

---

काजूवाला_केपे

वेगळाच प्रश्न आहे, चालेल ना? काजूच्या कलमांची ओळख डीएनएवरून पटवायचे काम आमच्या ओळखीचा एक मुलगा करतोय. पान वाटले की रस काळपट तपकिरी होतो, डीएनए चिकट गोळा होऊन येतो, पीसीआर काही केल्या लागत नाही. मीटरवर मात्र आकडा भरपूर येतो. मुलगा रडकुंडीला आलाय.

---

मुग्धा_फोंडा

दादा, हा माझ्या आवडीचा विषय.

काजू, आंबा, कोकम या सगळ्या झाडांच्या पानांत पॉलिफेनॉल ठासून भरलेले असतात. पान फुटले की त्यांचा हवेशी संबंध येतो, ते ऑक्सिडाइज होऊन तपकिरी होतात आणि डीएनएला कायमचे चिकटतात. चिकटपणा येतो तो पॉलिसॅकराइडमुळे. दोन्ही गोष्टी पॉलिमरेजला काम करू देत नाहीत. एकदा तपकिरी झालेला डीएनए नंतर धुऊन स्वच्छ होईल या आशेवर राहू नये. प्रतिबंध पहिल्या मिनिटालाच करायला हवा.

जून पान घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत नवी तांबूस पालवी फुटते, त्यातले कोवळे पान घ्या. सकाळी तोडा, बर्फावर आणा. द्रव नायट्रोजन मिळाला तर उत्तम. त्यात पान पार पिठासारखे वाटायचे आणि ते पीठ वितळायच्या आत गरम सीटॅब बफरमध्ये (पानातून डीएनए काढायच्या द्रावणात) टाकायचे. बफर 65 अंशांवर तयार ठेवलेले असावे, त्यात पीव्हीपी आणि बीटा-मर्कॅप्टोइथॅनॉल आयत्या वेळी घातलेले. पीव्हीपी फेनॉल पकडून ठेवते, मर्कॅप्टोइथॅनॉल ऑक्सिडेशन रोखते. त्याचा वास भयंकर आणि ते विषारीही आहे, फ्यूम हूडखालीच उघडायचे. बफरमध्ये मीठ 1.4 मोलर असते ते पॉलिसॅकराइड डीएनएबरोबर खाली बसू नये म्हणून. चिकटपणा फारच असेल तर मीठ आणखी वाढवतात. मग क्लोरोफॉर्मने धुवा, आणि वरचा थर काढताना हाव धरू नका. मधल्या पांढऱ्या थराच्या जवळ टिप गेली की केलेले सगळे फुकट. थोडा रस मागे राहिला तरी चालेल.

मीटरचा आकडा भरपूर येतो त्याचे कारण हे की ते यंत्र 260 नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो एवढेच बघते. आरएनए, सुटी अक्षरे, फेनॉल, सगळेच तिथे थोडेफार शोषतात. मुलाला 260/280 सोबत 260/230 हे शोषणाचे गुणोत्तर पण बघायला सांगा. पहिले 1.8 च्या आसपास छान आले आणि दुसरे 1 च्या खाली असेल तर डीएनएबरोबर कचराही आलाय. खरे प्रमाण हवे तर फक्त दुहेरी डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने मोजावे, नाहीतर सरळ जेलवर बघावे.

आणि अडथळा आहे की नाही हे ओळखायचा सोपा उपाय: तोच डीएनए दहापट पातळ करून रिअल-टाइमवर लावा. अडथळा नसेल तर सीटी 3.3 ने वाढला पाहिजे. वाढलाच नाही, किंवा उलट कमी झाला, तर अडथळा नक्की. पुष्कळदा पातळ केलेल्या डीएनएवरच पीसीआर लागतो. थोडे बीएसए (एक प्रथिन) घातले तरी मदत होते.

---

सत्तरीकर

मुग्धाताई, मी वाळपईच्या बाजूचा. 2015 साली आमच्या सत्तरीत माकडताप आला. काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्या माणसांना ताप यायचा, माकडे मरून पडलेली दिसायची, आणि रक्त तपासायला पाठवले की काहींचे पीसीआर निगेटिव्ह यायचे तरी डॉक्टर म्हणायचे माकडतापच आहे. तेव्हा लोकांना काहीच समजेना. विषाणूत डीएनए नसतो ना? मग पीसीआर कसा करतात?

---

मुग्धा_फोंडा

सत्तरीकर, बरोबर, त्या विषाणूत आरएनए असते. आधी रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज या एन्झाइमने आरएनएवरून डीएनए उतरवायचा, मग नेहमीसारखा पीसीआर. आरटी-पीसीआर मधला आरटी तो. कोविडच्या वेळी हेच होते. (रिअल-टाइमलाही काहीजण आरटी म्हणतात, त्यातून फार गोंधळ होतो.)

निगेटिव्ह आणि तरीही आजार, याचे उत्तर बरेचदा दिवसांत असते. माकडतापात पहिला आठवडा-दीड आठवडा विषाणू रक्तात असतो, तेव्हा पीसीआर लागतो. पुढे शरीर प्रतिपिंडे बनवते, रक्तातला विषाणू कमी होत जातो, पीसीआर निगेटिव्ह यायला लागतो आणि आयजीएम एलायझा, म्हणजे त्या प्रतिपिंडांची तपासणी, पॉझिटिव्ह येते. रानातला माणूस तापाच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जात नाही. आधी घरगुती काढे, मग जवळचे डॉक्टर, आणि रक्त घेईपर्यंत दहा-बारा दिवस निघून जातात. म्हणून ताप कधी सुरू झाला ती तारीख फॉर्मवर लिहिणे आणि दोन्ही तपासण्या करणे अत्यंत गरजेचे. ती तारीख नसलेला फॉर्म आला की लॅबवाल्याच्या हातात अर्धीच माहिती असते.

शिवाय आरएनए फार नाजूक. सँपल थंडाव्यात गेले नाही, वाटेत बर्फ वितळला, तर विषाणू असूनही निगेटिव्ह येऊ शकते. दुर्गम भागासाठी लहान, बॅटरीवर चालणारी यंत्रे हवीत ती याचसाठी. आपल्या वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे तसेच यंत्र: चिपवर रिअल-टाइम पीसीआर. क्षयरोगाच्या निदानासाठी 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. गोव्यात बनलेली वस्तू आज देशभरच्या आरोग्य केंद्रांत क्षयरोग शोधतेय याचा मला मनापासून अभिमान आहे.

---

खाजनवाला

तो दोन अहवालांचा माणूस मीच. धागा पूर्ण वाचला. आता माझ्या कामाचे सांगा. सीटी 36 म्हणजे सोडू की नको? बियाण्याचे पैसे गेले तर गेले, पण तळ्यात व्हाइट स्पॉट आला तर आठवड्याभरात सगळी कोळंबी काठाला लागते, हे मी पाहिलेले आहे.

---

मुग्धा_फोंडा

खाजनवाले दादा, तुमच्यासाठीच हा धागा काढला, म्हणून जरा वेळ घेऊन लिहिते.

सीटी 36 म्हणजे बहुधा नळीत विषाणूच्या डीएनएचे मोजून एक-दोन-चार रेणू होते. इतक्या कमी संख्येला नशिबाचा भाग येतो. चतुर्थीला मणगणे (चणाडाळीची खीर) वाढताना काजू कमी पडले तर कोणाच्या वाटीत दोन येतात, कोणाच्या एकही नाही, तसेच. गणिताने सांगायचे तर नळीमागे सरासरी एक रेणू असेल तर शंभरातल्या 37 नळ्या रिकाम्या जातात. सरासरी तीन असतील तरी पाच नळ्या रिकाम्या. यंत्र कितीही महाग असो, रिकाम्या नळीतून ते काहीही दाखवू शकत नाही. तुमच्या पहिल्या लॅबने एकच नळी लावली असेल आणि ती रिकामी गेली असेल, तर त्यांचा निगेटिव्ह खोटा नाही. दुसऱ्यांचा पॉझिटिव्हही खोटा नाही.

त्याच्या आधीची पायरी पिल्ले किती घेतली ही. लाखभर पिल्लांतून 150 घेतली, तर शंभरात दोन बाधित असतील तेव्हा त्यातले निदान एक तरी तुमच्या पिशवीत येण्याची शक्यता 95 टक्के. हजारात दोनच बाधित असतील तर बहुतेक वेळा ती पिशवीत येणारच नाहीत. म्हणजे निगेटिव्ह अहवालाचा अर्थ 'टाकी शुद्ध' असा होत नाही, 'बाधित असलीच तर या प्रमाणाच्या खाली' असा होतो. 20-25 पिल्ले घेऊन केलेल्या तपासणीवर लाखोंचा व्यवहार करू नका.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. कोळंबीच्या डोळ्यांत पीसीआर अडवणारी द्रव्ये असतात. पिल्ले जरा मोठी असतील तर डोळे काढून मगच वाटायची. ते न करता अख्खी डोकी वाटली की विषाणू असून निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून लॅबला विचारा: कोळंबीचे स्वतःचे जनुक तुम्ही त्याच सँपलमध्ये बघितले का, आणि ते आले का? ते आले नसेल तर ती तपासणी झालीच नाही असे समजा. 'निगेटिव्ह' हा शब्द तिथे वापरता येत नाही.

आणि उलट बाजू, म्हणजे बाहेरून आलेला डीएनए. एका रनच्या शेवटी नळीत साधारण एक लाख कोटी प्रती असतात. 25 मायक्रोलिटरची ती नळी कोणी उघडली आणि त्यातल्या एका मायक्रोलिटरचा दहा लाखावा भाग हवेत उडाला, तरी त्यात 40,000 प्रती. त्या पिपेटवर, कोटाच्या बाहीवर, दाराच्या मुठीवर बसतात. सँपलची खोली, मिक्स बनवायची खोली आणि नळ्या उघडायची खोली वेगळी हवी आणि माणसाने उलट दिशेने चालू नये, हा नियम त्यासाठी. दर रनला डीएनएच्या जागी नुसते पाणी घातलेली नळी लावायची, तिला आम्ही एनटीसी म्हणतो. दुसऱ्या लॅबची एनटीसी त्या दिवशी कोरी होती का हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ती 37 ला वर आली असेल तर तुमच्या 36 ला काही किंमत नाही.

आता सोडू की नको. मी तुमच्या जागी असते तर त्या टाकीचे बियाणे आज सोडले नसते. त्याच टाकीतून नव्याने 150 पिल्ले घ्या, नव्याने डीएनए काढायला लावा, आणि प्रत्येक सँपलच्या निदान तीन नळ्या लावायला सांगा. तिन्ही 33-34 ला आल्या तर बियाणे परत करा. एकही आली नाही आणि कोळंबीचे जनुक व्यवस्थित आले, तर विचार करता येईल.

---

अनिकेत_पर्वरी

ताई, इथे डिजिटल पीसीआरचा उल्लेख यायला हवा. आमच्याकडे आहे. एकाच सँपलचे सुमारे 20,000 थेंब करतो, प्रत्येक थेंबात वेगळा पीसीआर. किती थेंब चमकले ते मोजायचे आणि तुम्ही सांगितलेल्या रिकाम्या नळ्यांच्याच गणिताने रेणू काढायचे. स्टँडर्ड कर्व्ह लागत नाही, एफिशियन्सी थोडी कमी असली तरी चालते, कारण थेंब चमकला की नाही एवढाच प्रश्न असतो. अडथळ्यांचा त्रासही कमी. फक्त खर्च जास्त, आणि फार दाट सँपल चालत नाही. सगळेच थेंब चमकले तर मोजणार काय?

---

मुग्धा_फोंडा

अनिकेत, अगदी बरोबर. स्टँडर्डची खरी संख्या एकदा डिजिटलवर मोजून घ्यावी आणि रोजचे काम रिअल-टाइमवर करावे, ही वाटणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. पण पिशवीत बाधित पिल्लूच आले नाही तर डिजिटलही काही करू शकत नाही, हे दादांनी लक्षात ठेवावे.

---

खाजनवाला

देव बरे करो, ताई. आता दोन शंका. गेल्या पिकाला रोग आल्यावर तळे सुकवले, चुना मारला. मग चिखल तपासला तर पॉझिटिव्ह. म्हणजे विषाणू जिवंत? आणि बियाणे शुद्ध असून पुन्हा रोग आला तर कोठून येतो?

---

मुग्धा_फोंडा

चिखलाचे: पीसीआरला जिवंत-मेलेले कळत नाही. ऊन आणि चुन्याने विषाणू निकामी झाला तरी त्याच्या डीएनएचे तुकडे मातीत काही काळ राहतात, आणि आपण तर शंभर-दीडशे अक्षरांचा तुकडाच शोधतो. त्यामुळे चिखल पॉझिटिव्ह म्हणजे धोका आहेच असे नाही. उलट चिखल निगेटिव्ह आला म्हणूनही हुरळू नका. मातीतले ह्युमिक ॲसिड पीसीआर अडवते. चिखलाच्या तपासणीवर मी पैसे घालणार नाही. सुकवण्यावर घालेन.

रोग कोठून: खाजनात मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, भरतीचे पाणी येते आणि त्याबरोबर कुर्ल्या (खेकडे), रानटी सुंगटे (कोळंबी) येतात. हा विषाणू कुर्ल्यांतही राहतो, त्या मरत नाहीत पण वाहून आणतात. बियाण्यावर एवढा खर्च करता तसा मानशीच्या जाळीवरही करा. पाणी आत घेतल्यावर लगेच बियाणे सोडू नका, पाणी काही दिवस तसेच राहू द्या. तळ्याच्या काठच्या पाच-सहा कुर्ल्या आणून दिल्यात तर त्यांचे कल्ले तपासता येतात.

---

खाजनवाला

सोमवारी नवीन पिल्ले आणतो. जिवंत आणू की कशात घालून? फोंड्याला पोचेपर्यंत दीड तास जातो.

---

मुग्धा_फोंडा

जिवंत आणायची गरज नाही, आणि मेलेली तशीच पिशवीत घालून मुळीच आणू नका, उन्हात दीड तासात कुजायला लागतात. झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत 95 टक्के इथॅनॉल घ्या. पिल्ले एक भाग तर इथॅनॉल दहा भाग, कमी नको. साधा स्पिरिट किंवा फॉर्मेलिन नको. फॉर्मेलिनने डीएनए गुंतून तुटतो आणि मग लांब तुकडा उतरत नाही. दोन बाटल्या भरा, एक आमच्याकडे, एक दुसऱ्या लॅबला, म्हणजे तुलना एकाच मालाची होईल. टाकीचा नंबर आणि तारीख जाड कागदावर पेन्सिलीने लिहून कागद बाटलीच्या आत टाका. बाहेर पेनने लिहिलेले इथॅनॉलचा एक थेंब लागला तरी पुसून जाते.